खवलेअण्णा सोनेरी दाराशी कसे पोचले

एका जंगलात, बाळांनो, झाडं निळी होती आणि नदी खालून वर वाहायची. खोटं वाटतंय? अरे, ते जंगलच मुळी मोबाइलमधलं! फोन उशीखाली ठेवायचा, डोळे मिटायचे, की आपण थेट आत. झोप संपली की खेळ संपला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. असलं काही शोधून काढायला फार शिकावं लागतं, म्हणून मी शिकलो नाही.

या जंगलाच्या तोंडाशी खवलेअण्णा बसायचे. अण्णा म्हणजे खवल्या मांजर. अंगभर खवले, नाकावर चष्मा, आणि घाबरले की अंगाचा चेंडू करून गप्प. त्यांचं काम एकच, आलेल्याला वाट समजावून सांगायची. स्वभाव इतका मायाळू की त्यांच्या तावडीतून कुणी सुटत नसे.

एके दुपारी सिंधुकाकू खांबेटे आत आल्या. जेवणानंतरची अर्ध्या तासाची डुलकी, तेवढाच वेळ. काकूंना शेवटच्या सोनेरी दाराशी पोचायचं होतं. तिथे पंख मिळतात. काकू जन्मात विमानात बसल्या नव्हत्या, आणि थोरल्या जाऊबाई सिंगापूरला जाऊन आल्यापासून दर सणाला पुरणपोळीबरोबर ढगही वाढत होत्या.

"या, या, या!" अण्णा म्हणाले. "आधी पाणी घ्या. खांबेटे म्हणजे कुठले? गुहागरकडचे का?"

"हो, पण अण्णा, वाट..."

"वाट कुठे पळून जातेय? चहा टाकलाय."

चहा झाला. उडी कशी मारायची ते झालं. काकू उठल्या. "येते हं."

"या. अरे हो, एक राहिलंच!"

आणि अण्णा उभ्याउभ्या सुरू झाले. पुलावर डावा पाय आधी. राक्षस भेटला तर आधी नमस्कार. निळ्या झाडाखाली शिंकू नये, का ते नंतर सांगतो.

हसू नका रे! तुमच्या घरी पाहुणा 'येतो' म्हणाल्यावर दारात किती वेळ उभा असतो? तुमच्या आईला खऱ्या गप्पा सुचतात त्या पाहुणीने चपला घातल्यावरच.

काकूंना नदीसुद्धा दिसली नाही. जाग आली.

असे अकरा दिवस गेले. मोठ्या माणसाचं बोलणं अर्ध्यावर तोडून कसं निघायचं? वळण होतं ना घरचं!

बाराव्या दुपारी काकूंनी विचारलं, "अण्णा, ते सोनेरी दार दिसतं कसं हो?"

अण्णांचा चष्मा घसरला. "दार ना? दारासारखंच."

"म्हणजे तुम्ही कधी गेलाच नाहीत?"

"मी उठलो तर आल्यागेल्याचं कोण बघणार?"

"आज कुणी येत नाही. चला, तुम्हीच पुढे व्हा!"

समोर सगळा उतार. अण्णांनी खाली पाहिलं, आणि झाला की चेंडू! काकूंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि चांगल्या घरातल्या त्या बाईने चेंडूला दोन्ही हातांनी ढकललं.

गडगडगडगड! अण्णा पुलावरून गेले, डावा पाय कुठला न् उजवा कुठला! राक्षस नमस्काराची वाट बघत उभा होता, तो आडवा झाला. मागून काकू निऱ्या धरून पळतायत, "अण्णा, थांबू नका हो!" आणि धाड! सोनेरी दार उघडलं.

पंखांची जोडी एकच. पहिला येईल त्याची. ती अण्णांच्या पाठीला चिकटली.

काकूंचे डोळे भरले. अकरा दिवसांचा चहा वाया! अण्णा वर निघाले. काकूंनी पदर खोचला, उडी मारली आणि त्यांची शेपटी धरली.

"अहो, शेपटी!"

"बोलू नका, उडा!"

उडाले दोघे! काकू हसतायत, किंचाळतायत, ढगाचे लचके तोडून खातायत. "जाऊबाईंनी काचेआडून बघितले हो, मी चाखले! थोडे अळणी आहेत!"

अण्णा खाली उतरले ते निराळेच. आता ते रोज भाषण करतात, 'मी कसा पोचलो'. जिद्द हवी म्हणतात, दूरदृष्टी हवी म्हणतात. उताराचा उल्लेख नाही, काकूंचा तर नाहीच नाही. खेळाडू माना डोलावतात, वहीत उतरवून घेतात, आणि तिथल्या तिथे जागे होतात.

तात्पर्य: बाळांनो, पोचलेल्या माणसाला वाट विचारू नका. त्याला ढकललं कुणी, ते विचारा. पत्ता मिळाला की त्या बाईकडे जा आणि मुकाट्याने तिच्याकडे पाठ करून उभे राहा.