साहेबांच्या नावाआधीची चार बोटं

परिपत्रक क्रमांक एकशे बारामध्ये संचालकसाहेबांच्या नावाआधी बोटभर मोकळी जागा सुटली, आणि ती माझ्या चुकीमुळे सुटली. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण कार्यालयात सांगून काही उपयोग झाला नाही.

मी तिथे नऊ वर्षं हंगामी अक्षरजुळणीकार होतो. साहेबांचं नाव, तीन पदव्या आणि पदनाम प्रत्येक परिपत्रकात दहा-दहा वेळा यायचं. टाइप करून बोटं झिजली, म्हणून एकशे बाराच्या वेळी तो मजकूर मी संगणकाला एकदाच शिकवून ठेवला. याला आमच्या धंद्यात मॅक्रो म्हणतात. नुसतं ‘साहेब’ लिहायचं, की सगळा लवाजमा आपोआप छापून येतो. गोम एवढीच, की मॅक्रो लिहिताना ओळ संपली की आमची जुळणीची भाषा तिथे एक मोकळी जागा धरते. ती नको असेल तर ओळीच्या शेवटी टक्क्याचं चिन्ह ठेवायचं. नावाआधी ‘ठळक करा’, ‘मोठं करा’ अशा माझ्या पाच सूचना पाच ओळींत होत्या, आणि चिन्ह एकही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पाच चिन्हं टाकली. जागा गेली. एकशे तेरा निघालं आणि तासाभरात साहेबांनी बोलावलं. दोन्ही परिपत्रकं समोर ठेवून ते बसले होते.

“कालच्यात माझ्या नावाआधी जागा होती. आज नाही.”

“साहेब, चूक झाली होती.”

“कोणती? कालची की आजची?”

“कालची.”

“म्हणजे माझा मान चुकून राखला गेला, असं म्हणणं आहे तुमचं?”

मला कायम करण्याचा प्रस्ताव त्यांच्याच टेबलावर होता. महिनाअखेर माझं वय मर्यादेबाहेर जाणार होतं. त्याआधी आदेश नोंदला गेला तर ठीक, नाहीतर घरी बसायचं. “आजची,” मी म्हणालो.

दुपारी उपसंचालक आले. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, कारण त्यांचं नाव अजून आधीच्या शब्दाला खेटून बसलं होतं. त्यांना बोटभर दिलं तर साहेबांना दोन हवीत, साहेबांना दोन दिली तर सहायक संचालकांनी काय पाप केलंय. आठवड्यात ‘नामपूर्व सन्मान-अंतर नियमावली’ निघाली. संचालक चार बोटं, उपसंचालक तीन, सहायक दोन, शाखाप्रमुख एक. हंगामी कर्मचाऱ्यांना अंतर अनुज्ञेय नाही, म्हणून माझं नाव आधीच्या शब्दाला चिकटवून छापण्यात येऊ लागलं. ते मीच चिकटवत होतो.

पाच ओळींच्या पाच जागा मिळून एक बोट, तर चार बोटं म्हणजे वीस ओळी. सूचना होत्या पाच, म्हणून उरलेल्या पंधरा ओळींत मी काहीही न करणाऱ्या सूचना भरल्या. त्या कार्यालयात अगदी शोभून दिसल्या. लोक आता परिपत्रक वाचत नव्हते, पट्टी लावून मोजत होते. एका शाखाप्रमुखाचं अर्धं बोट शिस्तभंगाखाली कापलं गेलं, तर तो बिचारा दोन दिवस जेवला नाही.

मग एकशे एकतीसमध्ये साहेबांचं नाव नेमकं ओळीच्या सुरुवातीला आलं. ओळ मोडते तिथली मोकळी जागा ही भाषा गिळून टाकते. साहेबांची चारही बोटं गेली.

“माझ्या नावाआधी ओळ मोडायची नाही,” ते म्हणाले.

मी मोडू दिली नाही. चार बोटं आधीच्या शब्दाला आणि नावाला पक्की जोडून टाकली.

महिन्याच्या एकोणतीस तारखेला माझा आदेश निघाला. मीच जुळवला, साहेबांनी सही केली, आणि मी तो नोंदीसाठी आस्थापना शाखेतल्या बाईंकडे नेला. बाई कामाला चोख.

“आदेश देणाऱ्याचं नाव कुठंय?”

“ओळीच्या शेवटी आहे, बाई.”

“शेवटी कोरा समास आहे.”

“समासाच्या पुढे. नावाआधी ओळ मोडायची नाही ना, म्हणून कागद संपला त्याच्याही पुढे गेलंय.”

बाईंनी कागद उचलून खाली टेबलावर पाहिलं. मग तो मला परत दिला. नाव नसलेला आदेश नोंदवता येत नाही, यात त्यांचं काही चुकलं नाही.

मी धावत साहेबांकडे गेलो. वाक्य बदलू का विचारलं. तो मंजूर नमुना होता. रुंद कागद मागू का विचारलं. कागद समिती पुढच्या महिन्यात बसणार होती. शेवटी हात जोडून म्हणालो, “साहेब, दोनच बोटं कमी करतो. एका दिवसापुरती.”

त्यांनी खरंच विचार केला. “तुमचं भलं व्हावं असं मला मनापासून वाटतं,” ते म्हणाले. “पण आज तुमच्यासाठी दोन बोटं खाली आलो, तर उद्या कुणाकुणासाठी यायचं?”

महिना संपला. घरी आलो आणि भिंतीकडे तोंड करून रडलो. लाज कसली त्यात, नऊ वर्षं गेली होती. बायकोने पाणी आणून दिलं.

“अहो, ते चिन्ह गुपचूप टाकायचं होतंत ना.”

“पट्टी लावून पकडलं असतं.”

“म्हणजे शेवटी तुमची चूक तेवढी कायम झाली,” ती म्हणाली, आणि माझ्या शेजारी बसली.

आता मी एका गाळ्यात लग्नपत्रिका आणि दारावरच्या पाट्या जुळवतो. गिऱ्हाईक आलं की ही हकिकत सांगतो. पोट धरधरून हसतात, साहेबांना नावं ठेवतात. मग पत्रिकेचा नमुना हातात घेतात, जरा पुढे वाकतात आणि हळूच म्हणतात, “व्याह्यांच्या नावाआधी आहे त्याहून आमच्याकडे थोडी जास्त जागा सोडा.” टक्क्याचं चिन्ह टाका म्हणणारा अजून कोणी भेटलेला नाही.

तुम्हीही मघापासून हसताय, बरं वाटलं. आता नाव सांगा, आणि त्याआधी किती बोटं सोडू तेही.