उकळलेल्या पाण्यातली माहेरवाशीण

घोडेगावात किराणा दुकानदार सुभाषचंद शेटजींइतका जीवदया पाळणारा माणूस दुसरा नाही, असं स्वतः शेटजीच सांगत! आषाढात त्यांच्या कानावर आलं, की वीजघराच्या धरणाखाली मासे अडकलेत. अंडी घालायला वर निघालेले, भिंतीवर डोकं आपटणारे!

"म्हणजे बाळंतपणाला माहेरी निघालेल्या लेकीच की गं!" ते बायकोला, कस्तुरबाईंना म्हणाले. "शेजारच्या सत्तारच्या टेम्पोतून वर पोचवतो. एकीच्याही खवल्याला धक्का लागणार नाही!"

लेकींना कच्चं पाणी कसं द्यायचं? कस्तुरबाईंनी घरच्या रिवाजाप्रमाणे पाणी गाळलं, उकळलं, गार केलं आणि पिंप भरून दिलं.

सत्तारनं जाळं टाकलं. मासे पिंपात आले. त्यांत एक मोठी मासोळी, पोट हे एवढं! टेम्पो घाटाला लागला आणि तीच उलटी तरंगायला लागली.

"सत्तार! हिला घेरी आली!"

सत्तारनं ब्रेक दाबला. "पानी कुठलं हो शेटजी?"

"उकळलेलं! एकदम शुद्ध!"

"आवो, उकळल्यावर पान्यातली हवा जाती की! मासं जगनार कशावर? नदी तर लई खाली राह्यली. घाला हात आन् ढवळा!"

"मी? माशांत हात?"

"मग काय, मरू द्यायची तिला?"

शेटजींनी डोळे मिटले, नवकार मंत्र म्हटला आणि दोन्ही हात पिंपात घातले. ताक घुसळावं तसं पाणी घुसळलं! समोरून आलेल्या एसटीतून निम्मं घोडेगाव डोकावलं.

"शेटजी, मासळीचा वाटा कसा लावला?" कुणीतरी ओरडलं.

शेटजी ढवळतच राहिले. "धीर धर पोरी, आलंच माहेर."

धरणाच्या वरच्या अंगाला बाकीचे मासे सुळकन गेले. मोठी मात्र शेटजींच्या ओंजळीत निपचित. तेवढ्यात तिनं शेपटी मारली, त्यांच्या तोंडावर पाणी उडवलं आणि गेली! शेटजी लहान पोरासारखे रडले.

"माझ्या बी डोळ्यात पानी उडालं, दुसरं काय न्हाई," सत्तार तोंड फिरवून म्हणाला.

बातमी घरी आधीच पोचली होती. कस्तुरबाई उंबऱ्यात उभ्या. अंगाला माशांचा हा वास! आता ही घरात घेत नाही, शेटजींना वाटलं.

"पोचली का हो ती?"

"पोचली. माझ्या हातातून गेली."

कस्तुरबाईंनी डोळे टिपले आणि त्याच पदरानं त्यांचे हात पुसले. मग पदर नाकाशी गेला.

"उद्या पाणी नदीचंच न्या. आणि आता आंघोळ. इथंच, बाहेर!"

दुकानासमोर मासळीचा भाव विचारायला गिऱ्हाइकांची रांग लागली होती.