संघमित्रा कॉलनीचा फरार दगड

साहेब, दगड तुमच्या मोजणी कार्यालयाने हरवला आणि चोर ठरवलं कॉलनीला! स्पष्टच सांगायला हवं, कारण गोलगोल लिहिलेले अर्ज तुमच्या टेबलावर पेपरवेटखाली मरतात. हिंगोलीच्या नरसी रोडवर आमची संघमित्रा कॉलनी आहे. तिच्या मंजूर नकाशात मोकळी जागा आहे, तिथं पोरांसाठी अभ्यासिका व्हायचीय. पण कोपऱ्यातला हद्दीचा दगड सापडेना, म्हणून तुमची मोजणी होईना. वरून तुमचीच नोटीस : सोमवारपर्यंत दगड दाखवा, नाहीतर फाईल बंद.

केस घेतली ॲड. विश्वंभर शिखरे यांनी. "प्लॉट, सोसायटी आणि गुन्हेगारी मन, या तिन्हींत वीस वर्षं मुरलेला माणूस मराठवाड्यात मी एकटाच," असं ते सांगत. दुसरं कोणी सांगत नसे. सातबारा ते भिंगातून वाचत. चष्मा फुटल्यापासून भिंग आलं, हे फक्त त्यांच्या ज्युनिअर ज्योतीला ठाऊक होतं. ज्योती याच कॉलनीतली, इथल्या गृहनिर्माण संस्थेची सचिव. तिची धाकटी बहीण स्पर्धा परीक्षेचा अभ्यास बसस्टँडच्या बाकावर करायची.

शोध सुरू झाला. कोपऱ्यावर तुमच्याच कार्यालयाचा फलक होता : 'आरक्षित जागा. अतिक्रमण केल्यास फौजदारी.' त्याच्या सिमेंटच्या ओट्यावर वकीलसाहेबांनी मांडी ठोकली.

"ज्योती, दगडाला पाय नसतात."

"व्हय सर."

"म्हणजे पायवाल्याने नेला. अर्धे संशयित इथंच बाद!"

"बाद कोण झालं, सर?"

"मधे बोलू नको."

पहिला संशय शेजारच्या रतनसिंगवर. त्याच्या मोरीत चौकोनी दगड होता. वकीलसाहेब टेप घेऊन थेट मोरीत घुसले. त्या दगडावर रतनसिंग साबण लावून बसला होता.

"वकीलसाब, पहले नोटीस तो देते!"

दुसरा सिद्धान्त : कुरुंदा गावच्या हळदवाल्यांनी ताडपत्रीवर वजन म्हणून दगड नेला. वकीलसाहेबांनी कुरुंद्यात जाऊन एकवीस दगड उलथले. बाविसाव्याखालच्या विंचवाने जागेवरच हरकत नोंदवली.

शुक्रवारी सुजलेलं बोट वर धरून ते पुन्हा ओट्यावर बसले. "ज्योती, ही आंतरराज्य टोळी आहे."

तेवढ्यात कॉलनीतली सोजराबाई डोक्यावर घमेलं घेऊन बांधकामावरून परतली.

"ज्योते, काहून बसल्या गं इथं?"

"हद्दीचा दगड शोधून राहिलो, आत्या."

"मंग उठीव की वकिलाला. त्याच्या बुडाखालीच हाय."

"आँ?"

"ह्यो फलक बसवला तवा माल मीच कालवला. ठेकेदार म्हनला, दगड तयारच हाय, खड्डा कशाला खंदता? घाला त्याच्यावरच सिमेंट."

"मग आधी सांगायचं न्हाई का, आत्या!"

"मला कोन इचारलं? समदे रतनसिंगाची आंघोळ पाहून राहिले व्हते."

वकीलसाहेब उठले, पँट झटकली. "हेच माझं चौथं अनुमान होतं."

ज्योतीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. सोजराबाईने घरून पहार आणली, पदर खोचला, पहार उगारली. आणि ज्योतीने तिचा हात धरला. फलकाच्या तळाशी बारीक अक्षरांत ओळ होती : 'शासकीय मालमत्तेची नासधूस केल्यास गुन्हा दाखल होईल.'

"मारू का थांबू?" सोजराबाई विचारून राहिली.

साहेब, ओटा फोडला तर सचिव म्हणून ज्योतीवर गुन्हा आणि तिची वकिलीची सनद धोक्यात. नाही फोडला तर सोमवारी फाईल बंद आणि तिची बहीण बाकावरच. दगड तुमचा, सिमेंटही तुमचंच. पहार तेवढी सोजराबाईची, आणि तिचे हात भरून आलेत.

मारू का थांबू? लेखी सांगा, सहीशिक्क्यानिशी सांगा, आणि आजच सांगा!