धबधब्याखालचे बोलणे

घरातून निघताना कोणी "कुठे?" असे विचारले, की आमचे अप्पा परत फिरत. पायरीवर बसत, पाणी मागत, घोटभर पीत आणि मग नव्याने निघत. हा समज तसा घरोघरी असतो. पण अप्पांनी त्याचे व्रत केले होते. भोरमधल्या आमच्या आळीला ते पक्के ठाऊक होते. समोरच्या रखमाबाईंना तर अप्पा टोपी घालताना दिसले की राहवतच नसे.

"आवं अप्पा, कुटं निगाला?"

अप्पा मागे वळत. "घ्या! आणा पाणी!"

यामुळे त्यांना कचेरीत उशीर होई. संस्थान होते तोवर ते चालून गेले. विलीनीकरणानंतर आलेल्या नव्या साहेबांना मात्र हे कारण समजावून सांगणे जड गेले.

अप्पा माझे चुलते. शिक्षणासाठी मी त्यांच्याकडे राहिलो. त्यांचा आवाज मुळातच मोठा. काकूंचे कान गेल्यावर तो आणखी चढला. विषमज्वरातून काकू वाचल्या, पण ऐकू येणे गेले ते गेलेच. "आमटीत मीठ कमी आहे!" असे अप्पांनी त्यांना सांगितले, की नदीवर धुणे धुणाऱ्या बायकांनाही आमच्या आमटीची खबर लागे. काकू मान खाली घालत.

हळूहळू त्यांनी बाहेर पडणेच सोडले. हळदीकुंकू नाही, देऊळ नाही. बायका आधी त्यांच्या कानाशी ओरडत आणि मग एकमेकींकडे बघून हसत. ते हसणे काकूंना दिसे. पुढे पुढे आम्ही घरचे बोलायला लागलो, तरी त्या चुलीकडे तोंड फिरवू लागल्या. अप्पांनी त्याचा घोर घेतला होता. "बाई घरात आहे, पण रोज थोडी थोडी निघून चालली आहे," असे ते एकदा आमच्याकडेच राहणाऱ्या माझ्या आत्याला म्हणाले. एवढे एकच वाक्य मी त्यांच्या तोंडून हळू आवाजात ऐकले होते.

श्रावणातल्या एका रविवारी, भाकऱ्या तव्यावर असतानाच अप्पा उठले. "बांधा त्या. सगळ्यांनी निघायचंय." आत्याच्या ओठांवर 'कुठे' आले होते, तिने ते गिळले. काकूंनी मानेनेच नको म्हटले. तेव्हा अप्पांनी "चल!" अशी गर्जना केली, की रखमाबाईंची म्हैस उठून उभी राहिली. ती गर्जना पुन्हा होऊ नये, म्हणूनच काकू उठल्या असाव्यात.

"कुटं चालली म्हनायची ही वरात?" रखमाबाईंनी विचारलेच.

पायरी झाली, पाणी झाले, आणि एस.टी. चुकली.

पुढच्या गाडीने आम्ही महाडच्या वाटेला लागलो आणि घाटाच्या अलीकडे एका वळणावर उतरलो. खाचरांच्या बांधावरून चालताना शेळ्यांमागे एक म्हातारा धनगर भेटला. घोंगडीतून डोके काढून त्याने विचारले, "काय बगाया आलाय जनू?"

"धबधबा," अप्पा म्हणाले. तेव्हा कुठे आम्हालाही कळले.

"पानी बगाया? येवड्या लांब? का, भोरात पाऊस पडत न्हाई व्हय?"

अप्पा टोपी सारखी करत पुढे निघाले. काकूंनी पदराने तोंड पुसले. त्यांना हसू आले होते की काय, मला सांगता येणार नाही.

कड्यावरून पाणी असे कोसळत होते, की त्याचा आवाज कानांपेक्षा छातीत वाजत होता. आम्ही एका खडकावर भाकऱ्या सोडल्या. अप्पा काहीतरी म्हणाले. कोणालाच ऐकू गेले नाही. ते ओरडले, आत्याने त्यांना चटणी दिली. ते आणखी ओरडले, मानेच्या शिरा फुगल्या; मी कांदा पुढे केला. अप्पा लाल झाले. इतक्यात काकूंनी त्यांच्यापुढे तळहात धरला आणि हळूच खाली नेला. अप्पा थकून थांबले. मग नुसते ओठ हलवून त्यांनी तेच पुन्हा सांगितले.

काकूंनी पाण्याचा तांब्या उचलून त्यांच्या हातात दिला.

मग आत्या बोलली, मी बोललो. आम्हाला एकमेकांचे काही कळेना. काकूंना सगळ्यांचे कळत होते. कोणी तोंड उघडले की आम्ही आधी काकूंकडे बघू लागलो आणि त्या खुणेने अर्थ सांगू लागल्या. शेवटी आमची फजिती पाहून त्या तोंड उघडून हसल्या. कित्येक दिवसांत मी ते पाहिले नव्हते. अप्पा त्यांच्यासमोर सरकून बसले आणि बराच वेळ बोलत राहिले. आत्याने मला शेळ्या बघायला नेले.

परतताना एस.टी.ची वाट पाहत असता काकू म्हणाल्या, "ओरडलात की तुमचं तोंड वाकडं होतं. मग मला काय कळणार? माझ्याकडे बघून नीट बोलत जा."

"मग आजवर सांगितलं का नाहीस?" अप्पांनी आवाज न करता विचारले असावे; मला ओठच दिसले.

"तुम्ही थांबत कधी होतात?"

त्यानंतर आमच्या घरातून आळीला बातम्या मिळेनाशा झाल्या. काही दिवसांनी रखमाबाई काळजीने आल्या. "अप्पांचं आन् काकूंचं बिनसलंय का वो? आवाजच न्हाई." काकू त्यांच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, हळू बोला, मला कळतं." पुढच्या सोमवारी त्या दोघी देवळात गेल्या.

संध्याकाळी अप्पा आणि काकू ओसरीवर समोरासमोर बसत. अप्पांचे ओठ हलत. शेजारी बसूनही त्यातला शब्द आम्हाला कधी कळला नाही.

यंदा आषाढात अप्पा गेले. घर रडण्याने भरून गेले होते. कोणीतरी त्यांच्या तोंडावर पांघरूण ओढू लागले, तेव्हा काकूंनी तो हात धरला. त्यांनी अप्पांचा चेहरा आपल्याकडे वळवून घेतला आणि त्यांच्या ओठांकडे पाहत बसल्या. बाहेर माणसे खोळंबली होती. काकूंना उठा म्हणायला कोणीच पुढे झाले नाही.