अर्धी राहिलेली कल्हई

भंडाऱ्याच्या एका महाविद्यालयातील मुलींच्या वसतिगृहाची स्वयंपाकीण कुंताबाई हिचे डोके दुखायचे थांबले, आणि त्याच्या चौकशीसाठी रीतसर समिती नेमण्यात आली.

हे राखीमुळे झाले होते. त्याच महाविद्यालयात संशोधन करणाऱ्या राखीने दोन ऑक्साइडांची भुकटी कालवून प्लॅटिनमच्या द्रावणात ठेवली आणि वर दिवा लावला. त्या उजेडाने एकाच ऑक्साइडचे कण जागे होत; प्लॅटिनम तेवढ्यांवरच बसे. दुसरे उघडे राहत. उघड्यांनी चुलीचा डोके दुखवणारा विषारी वायू धरायचा, प्लॅटिनमवाल्यांनी जाळायचा, अशी वाटणी. भुकटी पेटीत भरून चुलीवर टांगली, आणि कुंताबाई पोळ्या लाटताना गाणी म्हणू लागली.

समितीचे अध्यक्ष बाबूलालजी पिढीजात पितळी भांड्यांचे व्यापारी. सूक्ष्मदर्शकातून काढलेला भुकटीचा फोटो पाहून ते गंभीर झाले. त्यांच्या लहानपणी गल्लीत कल्हईवाला बसे. तो भाता, तो नवसागराचा वास, आणि पातेल्यात एक डाग दिसला की आई ते परत पाठवी.

"पोरी, अर्धी कल्हई राहिली."

"राहिली नाही काका, ठेवली. ते कण उघडेच पाहिजेत."

"अर्ध्याच भांड्याले कल्हई करून देली, तं तुही माय घेईन का?"

"हे भांडं नोहे ना, काका. भुकटी आहे."

"भुकटीले कल्हई करता येते, अन् पुरी करता येत नाही?"

'काही कणांबाबत दुजाभाव' असा शेरा पडला. उजेड वाढवण्याचा आदेश निघाला. प्लॅटिनम पुन्हा त्याच कणांवर बसले. तेव्हा दिवा पक्षपाती ठरून जप्त झाला. अखेर विभागप्रमुख प्रफुल्ल सर राखीला हळूच म्हणाले, "उकळून बसव सगळ्याईवर. नाही तं पेटीच बंद करून राहिले ते." पेटी तरी वाचेल, म्हणून राखीने बसवले.

नव्या चाचणीत वायू पेटीत जसा गेला तसाच बाहेर आला. अहवालात नोंद झाली : कामात सातत्य.

"मंग माहं डोकं काहून दुखून राहिलं जी?" कुंताबाईने विचारले. राखी आशेने तिच्याकडे पाहू लागली.

बाबूलालजींनी नवा फोटो पुढे केला. "पाहा बाई, एक तरी कण सुटला का?"

कुंताबाईने फोटो खिडकीशी नेऊन पाहिला. "नाही जी. मस्त बसली कल्हई," म्हणाली, आणि कपाळाला फडका बांधून चुलीकडे गेली.

तो फोटो आता वसतिगृहाच्या जेवणघरात लावला आहे. येणारा प्रत्येक पाहुणा जवळ जाऊन राहिलेला डाग शोधतो, आणि सापडला नाही की समाधानाने पानावर बसतो. तुम्ही आलात तर तुम्हीही तेच कराल. भात गरम असेल; फडका बांधून का होईना, कुंताबाई वेळेवर वाढते.