ठिणगीची सलामी

हे लिहून ठेवायचंच नाही, असं चष्म्यानं जवळजवळ ठरवून टाकलं होतं. लोक हसतील याची त्याला फिकीर नव्हती, लोक हसतातच. उगाच घोडीची बदनामी होईल, एवढंच वाटत होतं. पण बेकरीवाला म्हणाला, "तू नाही लिहिलंस तर मी सांगत सुटणार. आणि मी सांगताना काय काय वाढवतो, ते तुला माहितीये." मग काय, लिहिणं भाग पडलं.

तर चष्मा म्हणजे चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवणारा. स्वतःचे डोळे ठणठणीत, पण नाव पडलं ते पडलं. दुकान बंद झालं की तो तबेल्यात जायचा, लीद उचलायचा, आणि त्या बदल्यात तबेल्याच्या बाई त्याला घोड्यावर बसायला शिकवायच्या. त्याचा जिगरी दोस्त बेकरीवालाही यायचा. तो कायम एकाच म्हाताऱ्या, रुंद पाठीच्या घोड्यावर बसायचा. त्या घोड्याला सगळे सोफा म्हणत.

आणि ठिणगी. तांबूस रंगाची, उंच मानेची घोडी. नाकावर माशी बसू द्यायची नाही. शिकायला आलेल्या ज्यांना ज्यांना तिनं जमीन दाखवली होती, त्यांची आता आपसात छान मैत्री झाली होती. चष्म्याचं मात्र तिच्याशी जमलं. का जमलं, देव जाणे. खरारा करताना तो तिला दिवसभरातली गिऱ्हाइकं सांगायचा आणि ती कान वळवून ऐकायची. घरी त्याचं एवढं कुणी ऐकत नसे.

एक दिवस बाईंनी त्याला बाजूला घेतलं. शिकवणीला अशी घोडी चालत नाही, म्हणाल्या. येत्या रविवारी बाहेरून परीक्षक येणार होते. ड्रेसाजची साधी परीक्षा होती. ठिणगीनं ती गुमान दिली तर राहील, नाहीतर शर्यतीवाल्यांना शब्द दिलाय.

"ते तिला पळवतील," चष्मा म्हणाला.

"हो."

"आणि पळेनाशी झाली की?"

बाईंनी ठिणगीच्या बादलीत पाणी ओतायला घेतलं.

ड्रेसाज म्हणजे घोड्याची कवायत, फक्त कुणी ओरडत नाही. बुटक्या पांढऱ्या फळ्यांच्या चौकोनात चाल, दुडकी, गोल फेऱ्या, सगळं सांगितल्याबरहुकूम. त्यात परीक्षकांना सलामी असते. घोडा खांबासारखा उभा करायचा, एक हात खाली सोडायचा आणि मान लववायची. आता ठिणगीला बाकी सगळं येत होतं. उभं राहणं येत नव्हतं. मग चष्म्यानं स्वतःच्या डोक्यानं एक युक्ती काढली. रोजचा सराव संपला की थांबायचं, सलामी द्यायची, लगेच गाजर द्यायचं आणि खाली उतरायचं. हळूहळू ठिणगी अशी उभी राहू लागली की जणू पुतळाच. बाई खूश, बेकरीवाला खूश, चष्म्याला तर रात्री झोप लागेना.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बाई म्हणाल्या, तिला दमवू नका, सोफ्याबरोबर टेकडीच्या वाटेवर फिरवून आणा. दोघं निघाले. पुढे सोफा, मागे ठिणगी. वाटेत एक निवृत्त मास्तर फिरताना भेटले. चष्म्याचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी हात केला, चष्म्यानं अदबीनं मान लववली.

ठिणगी जागच्या जागी थांबली. गाजर येत नाही म्हटल्यावर तिनं वळून एकदा चष्म्याच्या बुटाकडे पाहिलं, आणि शांतपणे तोंड फिरवून तबेल्याकडे चालू लागली. सलामी झाली, काम संपलं.

महत्प्रयासानं तिला वळवलं. पुढे पोस्टमन भेटला. पुन्हा मान, पुन्हा पुतळा, पुन्हा घरचा रस्ता. मग सायकलवरून जाणारं जोडपं. पंचक्रोशीतली निम्मी नाकं चष्म्यानं बसवलेले चष्मे मिरवत होती, आणि नेमकी तीच आज हवा खायला बाहेर पडली होती.

"तू कुणाला ओळखच देऊ नकोस," बेकरीवाला म्हणाला. "ताठ बस. नाकासमोर बघ."

चष्मा ताठ बसला. आणि समोरून त्याची सख्खी मावशी आली. तिनं लांबूनच हाक मारली. चष्मा मान न हलवता, ओठांच्या कोपऱ्यातून "मावशी, नंतर सांगतो" असं काहीतरी पुटपुटत पुढे गेला. मावशीनं तिथल्या तिथे फोन काढून त्याच्या आईला लावला. पोरगा घोड्यावर काय बसला, आईच्या बहिणीला ओळखेनासा झाला, हे अर्ध्या टेकडीनं ऐकलं.

पण खरा दणका पुढेच होता. वाट रुंद झाली, दोघं बरोबरीनं चालू लागले, आणि बेकरीवाल्यानं सहज विचारलं, "पण काय रे, परीक्षेत सलामी शेवटीच असते ना?"

चष्म्याचा चेहरा पांढराफटक पडला. सलामी दोनदा असते. एक शेवटी, आणि एक अगदी सुरुवातीला. सरावात सुरुवातीची सलामी त्यांनी कधी दिलीच नव्हती, उगाच घोडी बिथरेल म्हणून.

एका संध्याकाळात ती सवय मोडणं शक्य नव्हतं. तेव्हा बेकरीवाल्यानं डोकं लढवलं. परीक्षकांचं टेबल चौकोनाच्या पलीकडच्या टोकाला असतं. त्यांच्या मागे त्यानं स्वतः खिशात गाजरं घेऊन उभं राहायचं. सलामीनंतर ठिणगीला घरचा नाही, गाजराचा वास येईल आणि ती सरळ पुढे येईल. मग चष्म्यानं तिला वळवायचं.

रविवारी सगळं तसंच झालं. ठिणगी डौलात आत आली, मधोमध थांबली, चष्म्यानं मान लववली. परीक्षकांनीही टोपी काढून मान लववली. ठिणगीचे कान टवकारले. ती सरळ पुढे निघाली, इतकी सरळ की बाईंनी श्वास रोखला. वळायची जागा आली. चष्म्यानं वळवलं. ठिणगी वळली नाही. तिनं बुटक्या फळीवरून एक एक पाय अलगद पलीकडे टाकला, टेबलाला वळसा घातला, परीक्षकांच्या खांद्यावरून मान लांब केली आणि बेकरीवाल्याच्या खिशात तोंड खुपसलं.

"चारही पाय बाहेर," परीक्षक सावकाश म्हणाले. "बाद."

तबेल्यात चष्मा तिचं खोगीर उतरवेना. बाई आल्या तेव्हा त्यानं सगळं सांगून टाकलं. गाजर, मास्तर, पोस्टमन, मावशी, सगळं. "तिचा काही दोष नाही, बाई. तिला मीच असं शिकवलं."

"सरक," बाई म्हणाल्या, आणि स्वतः ठिणगीवर बसल्या.

त्यांनी तिला बाहेर काढून दुडक्या चालीनं नेलं. मग भरधाव सोडली. आणि ऐन वेगात नुसती मान खाली घातली. ठिणगी थांबली. बाईंनी पुन्हा पळवली, पुन्हा मान. पुन्हा थांबली. बाई बराच वेळ तिच्या मानेवरून हात फिरवत बसल्या. मग खिशातून फोन काढून शर्यतीवाल्यांना म्हणाल्या, गाडी पाठवू नका.

"उभा जन्म गेला माझा शिकवण्यात," त्या चष्म्याला म्हणाल्या. "घाबरलेला माणूस सगळं विसरतो. लगाम विसरतो, रिकीब विसरतो, स्वतःचं नाव विसरतो. पण मान खाली घालायला कुणी विसरत नाही. असा घोडा मला आजवर मिळाला नव्हता. उद्यापासून नवशिके हिच्यावर."

म्हणजे ठिणगी राहिली. पण आता ती एकट्या चष्म्याची राहिली नाही. त्याला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. तो घोडीला पाणी पाजत उभा राहिला. बेकरीवाला शेजारी आला. त्याचा फाटका खिसा बाहेर लोंबत होता.

"एक सांगू?" तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मी सोफ्यावरच का बसतो, माहितीये? मला भीती वाटते. पहिल्या दिवसापासून."

चष्म्याला खरंच माहीत नव्हतं. त्याला आपलं वाटायचं, गड्याला सोफा आवडतो.

"उद्या पहिला नंबर तुझा," चष्मा म्हणाला. "लगाम धरून मी शेजारून चालेन. तू म्हणशील तिथपर्यंत, आणि तू म्हणशील तितके दिवस. कबूल."