पेद्दिराजूंचं साफ रक्त

पेद्दिराजूंच्या रक्ताची वाटी पिवळीजर्द झाली आणि त्यांनी पहिला संशय घेतला तो हाताखालच्या नागमणीवर.

हैदराबादच्या त्या लॅबमध्ये काम एवढंच. औषध अंगात टिकावं म्हणून त्याच्या प्रथिनाला एक लांब धागा चिकटवतात. काहींचं रक्त त्या धाग्यावरच उठतं. औषध वाया, रोगी गोत्यात. असं रक्त आधीच हुडकायचं. प्लेटमधल्या इवल्या वाटीत थेंब टाकायचा, पिवळा झाला की समजायचं, रक्त बिथरलेलं. तुलनेला एक साफ रक्त लागतं. ते पेद्दिराजूंनी मोठ्या ऐटीत दिलं होतं. विडी नाही, चहा नाही, गोंगुराचं लोणचंसुद्धा बोटभर. आणि उद्या औषध कंपनीची माणसं बघायला येणार. चाचणी फसली की काम दुसरीकडे, अन् यांची खुर्चीही.

"नळी बदललीस तू."

"तुमच्या रक्ताला काय सोनं लागलंय, अण्णा?"

त्यांनी डोळ्यांदेखत पुन्हा करायला लावलं. पिवळं. तिच्या हाताच्या क्रीममध्येही तोच धागा असतो, म्हणून हात घासून घेतले, वर दोन-दोन मोजे. पिवळं. फ्रिजला कुलूप, किल्ली बनियनच्या आत. मग स्वतःच्या दंडातून ताजं काढून स्वतःच्या हातानं टाकलं. पिवळंच. शेजारी नागमणीचं मात्र पाण्यासारखं नितळ. आता तर हे तिचंच काम, अशी त्यांची खात्रीच पटली.

त्यांनी लॅबच्या प्रमुख सुगुणा मॅडमना बोलावलं. मॅडमनी सगळं ऐकलं, नागमणीला आजपासून टेबलावरून काढते म्हणाल्या, आणि जाता जाता बोलल्या, "काय नेम नाही बाई या धाग्याचा. पोट साफ करायच्या पावडरीत तर नुसता तोच असतो. त्यानंही रक्त बिथरतं म्हणतात."

पेद्दिराजूंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. नागमणी मोजे काढत होती. त्यांनी दोनदा घसा खाकरला.

"मॅडम, मी घेतो. रोज. घरीसुद्धा माहीत नाही."

नागमणी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. खांदे तेवढे हलत होते. मॅडम मात्र परत फिरून खुर्चीत बसल्या.

"अहो पेद्दिराजू गारू, असं खात्रीनं पिवळं होणारं रक्त मी कधीची शोधतेय. चाचणी चालते हे दाखवायला तेही लागतंच की."

दुसऱ्या दिवशी नागमणीचं साफ, पेद्दिराजूंचं पिवळं, पाहुणे खूश. काम राहिलं, खुर्ची राहिली. पेद्दिराजूंनी पावडर सोडायचं ठरवलं, तर मॅडमनी साफ मनाई केली.

आता रोज सकाळी नागमणी सगळ्यांदेखत त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळते.

"अण्णा, काल चुकवली नाहीत ना? चेहरा फार प्रसन्न दिसत नाही."